राहूचं लेबल

आमच्या ऑफिसात माणसांना लेबलं लावायचं काम माझ्याकडे आहे. ऐकायला हे बरं वाटत नाही, म्हणून पाहुण्यारावळ्यांत मी नुसतं ‘कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगते. काम तसं साधं आहे. आमची कंपनी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांमधून दूध गोळा करते. प्रत्येक गावात एक सेंटर आणि दूध घालणारा प्रत्येक जण आमच्या सॉफ्टवेअरमधला एक युजर. त्याच्या नावापुढे रंगीत चौकोनांत लेबलं दिसतात. गाय, म्हैस, नवीन, बंद. एखाद्या लेबलावर बोट ठेवलं की ते लेबल असलेली सगळी माणसं पडद्यावर गोळा होतात आणि त्यांना एकदम मेसेज पाठवता येतो. म्हशीवाल्यांचा मेसेज गाईवाल्यांना जात नाही. ट्रेनिंगला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, “नाव एकच असतं, लेबलं कितीही लावा.” मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

सॉफ्टवेअर नवीन आलं तेव्हा कंपनीनं घरातल्या बाईच्या नावानं खाती उघडायची टूम काढली. धारा बायकाच काढतात, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. पण आमच्याकडे एका वस्तीवर एकच भावकी राहते, आणि सगळ्यांचं आडनाव एक. माझं माहेर नागरगाव, भीमेच्या शिरूरकडच्या काठाला. तिथल्या आमच्याच वस्तीवर एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या तीन बायका निघाल्या. त्यातली एक माझी आई. पहिल्याच आठवड्यात आईच्या गाईचं दूध शेजारच्या काकूच्या म्हशीच्या नावावर चढलं आणि सेंटरवर दोघींची अशी जुंपली की मला शिरूरहून ऑफिस सोडून धावत जावं लागलं.

मी सॉफ्टवेअरची बाजू मांडत होते. नावं सारखी असल्यावर मशीन तरी काय करणार, वगैरे. आई म्हणाली, “आमचा तर कवा घोटाळा व्हत न्हाई. मी राहूची, ही केडगावची, आन् ती कोपऱ्यात बसलीय ती वढूची. एवढं सांग की त्याला.”

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. सासरी आलेल्या बाईला आमच्याकडे नावानं हाक मारायची पद्धत नाही. ती ज्या गावाहून आली, त्या गावची होते आणि म्हातारी होऊन जाईपर्यंत त्याच गावची राहते. आईला राहू सोडून जन्म लोटला होता. तरी ‘राहूची आली का भांगलायला’, ‘राहूचीच्या गाईला बोलवा डॉक्टर’ असं दिवसभर तिच्या कानावर पडायचं. तू इथली नव्हेस, तिथली आहेस, हे सासरचं गाव तिला एकाही दिवशी विसरू देत नव्हतं. ह्याला टोचणं म्हणायचं की माया, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी सेंटरवरच्या खुर्चीत बसून तिथल्या तिथं तीन लेबलं तयार केली. राहू, केडगाव, वढू. राहूला गुलाबी रंग दिला. भांडण मिटलं.

ही गोष्ट बाकीच्या सेंटरांवर पोचायला वेळ लागला नाही. मी जाईन तिथं बायका मोबाईल घेऊन उभ्या. एरवी पासवर्डचं नाव काढलं की पदर तोंडाला लावणाऱ्या ह्या बाया, माहेराचं लेबल लावायचं म्हटल्यावर रांग मोडून पुढं यायच्या. एकीचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. तिनं विचारलं, गाव नसलं तरी लावता येतं का? मी म्हटलं, मशीनला कुठं ठाऊक आहे. तिनं लावून घेतलं, आणि ते आपल्या फोनवर दिसतंय ना, हे शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं.

माझ्या आईचं माहेर काही पाण्याखाली गेलं नव्हतं. ते नदीच्या पलीकडंच होतं. पारगावचा पूल ओलांडला की थोड्या वेळात राहू. उसाचा हंगाम लागला की पलीकडची गुऱ्हाळं पेटत आणि आमच्या शेतातून धूर दिसे. तो राहूचाच धूर आहे असं आई ठरवून टाके. तो पारगावचाही असू शकतो, असं मी एकदा म्हणाले, तर ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. वारं तिकडून आलं की ती चहा गुळाचा करायची.

एवढ्या जवळ असून ती तिकडं जात नव्हती, कारण तिला कुणी न्यायला येत नव्हतं. आमच्यात लेक मनात आलं म्हणून उठून माहेरी जात नाही. माहेरचं माणूस तिला न्यायला यावं लागतं. त्याला मूळ म्हणतात. आजोबा होते तोवर ते स्वतः यायचे. ते गेल्यावर मामा यायचे. मामा आईपेक्षा धाकटे. दारात आले की चप्पल काढायच्या आधी म्हणायचे, “आक्का, न्यायला आलोय.” बस्स, एवढंच. मग आई माझ्या वडिलांना विचारायची, “जाऊ का?” वडील नाही म्हणणार नाहीत हे गाईलासुद्धा ठाऊक असायचं. पण विचारायचं ते विचारायचंच.

मग मामांच्या मुलाचं लग्न निघालं. माझे वडील तेव्हा जाऊन फार दिवस झाले नव्हते. मामांचा गुडघा धरलेला, घरातली पोरं मांडवाच्या गडबडीत. मामांनी पत्रिकेचा फोटो काढून आईच्या फोनवर टाकला आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र. आईनं फोन माझ्यापुढं धरला.

“हे काय हाय?”

“पत्रिका.”

“आन् आणणारा कुठाय?”

आणणारा कुणी नव्हता. अक्षता नव्हत्या, मूळ नव्हतं. मी तिला समजावलं, हल्ली सगळे असंच बोलावतात. ती म्हणाली, “फोननं बोलावलंय, फोनच जाईल.” आणि लग्नाच्या दिवशी ती खरोखर शेतात खुरपत बसली. तिकडं मामांचं बिनसलं. सख्खी आत्या लग्नाला नाही, चार माणसांत शोभा झाली. ती आपणहून आल्याबिगर मी तिच्या दारात जायचा नाही, असं ते कुणाकुणापाशी बोलले, आणि ते आईपर्यंत पोचलं. ती म्हणाली, तो न्यायला आल्याबिगर मी जायची नाही. दोघं एका आईची, त्यामुळं हटायला कुणीच तयार नव्हतं.

ती माहेराचं नाव काढायची नाही, पण वाट बघायची. दिवाळी जवळ आली की ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसायची, वाती वळायला म्हणून. एखादी मोटारसायकल वस्तीकडं वळली की तिचे हात थांबत. गाडी कुणाची ते दिसलं की पुन्हा चालू होत. मला ते बघवत नसे. मी तिच्यावर चिडायचे, मामांवर चिडायचे. स्वतः मामांना फोन करून भांडावं असंही वाटायचं. पण ती म्हणाली होती, “सांगून आलेलं मूळ मला नको.” तेव्हा ती वाट बंद होती.

मला मात्र तिनं असल्या नियमात कधी अडकवलं नाही. माझं सासर शिरूर शहरात. ती फोन करायची, “गाय व्यायलीय, खरवस खायाला ये.” नाहीतर, “शेवग्याला लई शेंगा आल्यात, कोण खाणार?” तेवढं मला मूळ पुरायचं. माझा भाऊ चाकणला कंपनीत, तो आणि वहिनी सणावारी यायचे. वस्तीवर आई, दोन गाई आणि शेवगा.

असंच एकदा खरवसाला गेले होते, तेव्हा तिच्या फोनवर मेसेज आला. तिनं तो एकेक अक्षर लावून वाचला आणि माझ्यापुढं धरला.

“बरोबर वाचलं का मी?”

आमच्याच कंपनीचा होता. येत्या बुधवारी सकाळी राहू येथे दूध उत्पादकांचा मेळावा आहे, आपली उपस्थिती आवश्यक आहे.

काय झालंय ते माझ्या लगेच ध्यानात आलं. हेड ऑफिसला नवे साहेब आले होते, पुण्याचे, तिशीतले. त्यांना राहूच्या सेंटरवर मेळावा घ्यायचा होता. त्यांनी लेबलं उघडली, त्यात राहू दिसलं, त्यावर बोट ठेवलं आणि मेसेज सोडला. त्यांच्या हिशेबी ती राहूत राहणारी माणसं होती. त्यांना काय कल्पना, की राहूतून लग्न होऊन गेलेल्या, दोन तालुक्यांत विखुरलेल्या सगळ्या लेकींना त्यांनी एका दमात माहेरी बोलावलं होतं.

मी तोंड उघडणार होते. पण आई आत गेली होती आणि पेटीचं झाकण वाजलं होतं. ती जांभळी साडी हातावर टाकून बाहेर आली आणि उन्हात धरून कसर लागली का बघायला लागली.

“आई, मीटिंग आहे ती. दुधाबद्दल काहीतरी सांगतील.”

“मंग? आवश्यक हाय म्हणलंय.”

“मामांनी पत्रिका फोनवर टाकली तर चालली नाही तुला. आणि कंपनीनं फोनवर बोलावलेलं चालतं?”

“त्यो भाऊ हाय. त्यानं यायला पायजेल,” ती साडीची घडी घालत म्हणाली. “कंपनीवर कुठं रुसू मी?”

मी ऑफिसला फोन करून चूक सांगायला हवी होती म्हणाल, तर हवी होती. मी केला नाही. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

बुधवारी तिला स्कूटरवर मागं बसवून निघाले. मांडीवर स्टीलचा डबा. त्यात शेंगदाण्याचे लाडू.

“मीटिंगला लाडू?”

“लोकं येत्याल. खात्याल.”

पारगावच्या पुलावर तिनं माझ्या खांद्याला हात लावला. मी गाडी हळू केली. ती खाली पाण्याकडं बघत राहिली. पूल संपल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागला, तशी ती मागून बोलायला लागली. इथं चिंच होती. ही विहीर आमच्या चुलत्यांची. हे घर नवं दिसतंय. मी तिला पुढून हूं हूं करत होते. तिचा आवाज मला ओळखीचा वाटेना, एवढा तो हलका झाला होता.

मेळावा देवळाच्या सभामंडपात होता. आम्ही पोचलो तेव्हा तिथं खुर्च्या कधीच संपल्या होत्या. कुठकुठल्या गावांहून राहूच्या लेकी आल्या होत्या. कुणी जीपनं, कुणी मुलाच्या गाडीवर, आणि झाडून साऱ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. जवळपास प्रत्येकीच्या हातात पिशवी. “अगं, तू वेशीजवळच्या घरातली न्हाई का?” “आन् तू पाटावरची.” लुगडी एकमेकींत अडकतील इतक्या जवळ बसून त्या एकमेकींची तोंडं चाचपून बघत होत्या. गावातले बापे भिंतीला टेकून उभे होते. लेकी आल्यात म्हटल्यावर आसपासच्या घरांतून चहाची पातेली यायला लागली.

साहेब माझ्याजवळ आले. “मॅडम, हे सगळे राहूचेच?”

“राहूचेच, सर.”

“मला सेंटर तर वेगवेगळी सांगतायत.”

“सेंटर वेगळी आहेत. त्या राहूच्या आहेत.” मग मी त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. ते माणूस चांगले. त्यांनी कपाळाला हात लावला, हसले आणि वडापाव वाढवायला सांगितलं. पुढं त्यांनी स्वच्छ दुधाबद्दल भाषण केलं. धारेआधी कास धुवा, भांडी उन्हात पालथी घाला. ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

आई खांबाला टेकून अशी बसली होती की मळ्याकडून येणारा रस्ता समोर दिसावा. मामांचा मळा तिथून हाकेच्या अंतरावर. घराचा पत्रा उन्हात चमकत होता. मीटिंग संपली. एकेकीचा भाऊ, भाचा, वहिनी येऊन तिला घेऊन गेली. कुणी आपणच उठून गेल्या. मंडप रिकामा झाला. पोरं खुर्च्या एकात एक घालायला लागली. आई डबा मांडीवर धरून तशीच.

“चल ना घरी जाऊ मामांकडं,” मी म्हटलं. “एवढ्यापर्यंत आलोच आहोत.”

“मी मीटिंगला आलेय.”

“संपली मीटिंग.”

“मंग चल नागरगावला.”

मला रडायला यायला लागलं, आणि तिचा रागही तेवढाच आला. हाकेच्या अंतरावर घर, आणि ही बाई नियम धरून बसलीय. मी स्कूटरची किल्ली काढली. ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. तेवढ्यात मंडपाच्या पायरीशी कुणीतरी थांबलं.

मामा होते. चालत आले होते, एक पाय ओढत. अंगावर घरातलाच सदरा, टोपी मात्र धुतलेली. लेकी जमल्याची बातमी मळ्यात सकाळीच पोचली असणार. तिथून इथवर यायला त्यांना एवढा वेळ लागला होता. त्यांनी चपला काढल्या, आत आले. आईकडं बघितलं नाही. सरळ साहेबांपुढं जाऊन उभे राहिले.

“मीटिंग झाली का तुमची, साहेब?”

“झाली, आबा. बसा ना, चहा घ्या.”

“चहा ऱ्हाऊ द्या. ह्यांच्यातली एक आमची हाय,” मामा म्हणाले. “न्यायला आलोय.”

साहेब गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. आईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. ती दोन पावलं पुढं आली आणि त्या पोरसवदा साहेबांना, जसं माझ्या वडिलांना विचारायची तसंच, खालच्या मानेनं विचारलं, “साहेब, जाऊ का?”

“हो हो, जा की,” साहेब म्हणाले. परवानगी कशाची मागितली गेली ते त्यांना कळलं नसावं. पण त्यांनी ती मनापासून दिली.

मामांनी तिच्या हातातला डबा घेतला. दोघं पायऱ्या उतरून मळ्याच्या रस्त्याला लागले. मी मागून गाडी ढकलत चालले, चालू करायचं मला सुचलंच नाही. बांधापाशी आल्यावर आई म्हणाली, “गुडघा दाखवलास का कुणाला?” मामा म्हणाले, “तू यायची थांबलीस, मंग कोण मागं लागणार?” घरी मामींनी दारात तिच्या पायांवर पाणी घातलं आणि नव्या सुनेनं नाव न विचारता तिच्या मांडीवर आपलं बाळ दिलं.

त्यानंतर साहेबांनी नियम केला, की गावाचं लेबल लागेल ते सेंटरचंच. बरोबरच होतं. सारख्या नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकीला नंबर मिळाला. माहेरं काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी ती एकेक करून काढली. धरणातल्या गावाच्या लेबलापाशी थांबले, चहा पिऊन आले आणि मग काढलं. आईनं तिच्या फोनवर बघितलं, तिथं आता नागरगाव दिसत होतं.

“राहू काढलंस?”

“काढावं लागलं.”

“असू दे,” ती म्हणाली. “आता त्यो येतो न्यायला.” आणि मामा येत राहिले, तिच्या शेवटच्या दिवाळीपर्यंत.

आई गेली त्याला आता बरेच दिवस झाले. दोन्ही गाई भावानं विकल्या. त्याच्या तरी नोकरीत कुठं जमणार होतं. जमीन वाट्यानं दिली आहे. घराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूकडं, तीच केडगावची. भाऊ माझा गुणी आहे. दर फोनला म्हणतो, “तुझंच घर आहे, कधीही जा.” त्याला कसं सांगू, की ‘कधीही जा’ हे काही बोलावणं नव्हे. गाय व्यायली, ये. शेंगा आल्यात, ये. असं म्हणणारं तिथं कुणी उरलं नाही, आणि शेवग्याला शेंगा आल्या तर मला कळत नाही.

आईचा युजर बंद करायचं कामही माझंच होतं. केलं. तिच्या नावापुढचं नागरगाव काढलं आणि ‘बंद’ लावलं. सॉफ्टवेअरमध्ये मीही एक युजर आहे. माझ्या नावापुढं एकच लेबल होतं, ऑफिस. त्याच्याशेजारी मी नागरगाव लावलं. नियमात बसत नाही, माझी गाय नाही की म्हैस नाही. पण लेबलं मीच लावते, मला विचारणार कोण.

तेव्हापासून नागरगावचे सगळे मेसेज मला येतात. दुधाची गाडी आज उशिरा येईल. उद्या लस टोचायला डॉक्टर येणार आहेत, जनावरं बांधून ठेवा. मी शिरूरच्या बाजारात भाजी घेताना ते पूर्ण वाचते.

परवा साहेबांनी सांगितलं, ह्या वेळचा मेळावा नागरगावला घेऊ, तेवढा मेसेज सोडून द्या. मी लिहिला. येत्या बुधवारी सकाळी नागरगाव येथे दूध उत्पादकांचा मेळावा आहे, आपली उपस्थिती आवश्यक आहे. लेबलावर बोट ठेवलं आणि पाठवला. टेबलाखालच्या पर्समध्ये माझा फोन वाजला. मी तो बाहेर काढून मेसेज वाचला, आणि घरी जाताना वाण्याकडून लाडवांसाठी शेंगदाणे घेतले.